बारावीच्या पुस्तकातले ग्रिफिथ नेमकं काय शोधत होते?

बारावीच्या बायोलॉजीत फ्रेडरिक ग्रिफिथ भेटतात ते उंदरांच्या प्रयोगामुळे. पुढे इंजिनीअरिंगला गेलेल्या माझ्यासारख्यांनीही ती आकृती मार्कांसाठी घोकलेली असते. पण ग्रिफिथ डीएनए शोधायला निघालेच नव्हते.

ते लंडनमध्ये ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत डॉक्टर होते. काम होतं न्यूमोनियाच्या जिवाणूंची, म्हणजे न्यूमोकॉकसची वर्गवारी. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आशा होती ती सीरमची, आणि एका प्रकारावरचं सीरम दुसऱ्या प्रकारावर चालत नसे. प्रकार ओळखण्यात चूक म्हणजे उपचार वाया.

हा प्रकार ठरायचा जिवाणूभोवतीच्या शर्करेच्या कवचावरून. थुंकीचे नमुने तपासताना ग्रिफिथ यांना एकाच रुग्णात वेगवेगळे प्रकार सापडू लागले. बाहेरून नवा जंतू आला, की आतलाच बदलला?

१९२८ मध्ये त्यांनी प्रयोग प्रसिद्ध केला. दुसऱ्या प्रकारातले, कवच गमावलेले निरुपद्रवी जिवंत जिवाणू आणि तिसऱ्या प्रकारातले, उष्णतेने मारलेले कवचधारी जिवाणू त्यांनी एकत्र उंदरांना टोचले. उंदीर मेले. त्यांच्या रक्तात जिवंत कवचधारी जिवाणू मिळाले, तेही तिसऱ्या प्रकारचे! मेलेल्यांचं कवच जिवंतांनी उचललं होतं. ज्या लेबलांवर त्यांचं सगळं काम उभं होतं, ती बदलू शकतात हे त्यांनीच दाखवलं.

तरीही वर्गवारी त्यांनी सोडली नाही. १९३४ मध्ये त्यांनी घसादुखी आणि स्कार्लेट फीव्हरच्या स्ट्रेप्टोकॉकसचे प्रकार मांडले. एप्रिल १९४१ मध्ये लंडनवरच्या जर्मन बॉम्बहल्ल्यात ते आणि त्यांचे सहकारी विल्यम स्कॉट ठार झाले. कवच बदलवणारा पदार्थ डीएनए आहे, हे न्यूयॉर्कमध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. ग्रिफिथ यांना ते कळलंच नाही.

कवचाची जनुकं अशी हस्तांतरित होत असल्याने आज नुसत्या कवचावर विसंबत नाहीत. १९९८ मध्ये न्यूमोकॉकससाठी 'एमएलएसटी' पद्धत आली. जिवाणूच्या रोजच्या जगण्याला लागणाऱ्या सात जनुकांचे तुकडे वाचायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. सातही जुळले तर स्ट्रेन एकच मानायचा. मोबाइलचं कव्हर बदललं तरी आयएमईआय तोच राहतो, तसं काहीसं.

याचा संबंध आपल्याकडच्या लसीकरणाशीही आहे. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आलेली न्यूमोकॉकल लस ठरावीक कवचांवरच बेतलेली आहे, आणि कवचं शंभरावर आहेत. लसीबाहेरचं कवच असलेला जिवाणू सापडला, तर तो वेगळाच स्ट्रेन आहे की जुन्यानेच कवच बदललंय, हे आता ही सात जनुकं वाचून तपासतात.