एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला अन् आपल्या डाळीचं विज्ञान उलगडलं : डॉ. कमला सोहोनी यांची जीवनकहाणी

देवगाव फाटा : बारावीचा निकाल लागला की आपल्या फाट्यावर दोनच विषय असतात. एक पाऊस आणि दुसरा अॅडमिशन. हॉटेलात बियाण्याचे अन् खताचे भाव चालू असतात आणि मधूनच कुणीतरी विचारतं, पोरीला किती टक्के पडले? टक्के चांगले असले तरी पुढचं बोलणं ठरलेलं असतं. सायन्सला टाकलं तर प्रॅक्टिकलला उशीर होतो, सेलूहून येणारी गाडी चुकली तर काय करायचं, त्यापेक्षा आर्ट्स बरं. जे बाप हो म्हणतात तेही अट घालतात. एक वर्ष बघू, जमलं तर ठीक, नाही तर स्थळं बघायला लागू.

मी काही वेगळा नाही. माझ्या लेकीला सायन्सला पाठवताना मीही हीच अट घातली होती. पोराला पाठवताना अशी अट घातली नव्हती, हे तेव्हा ध्यानातसुद्धा आलं नाही. ध्यानात आलं ते डॉ. कमला सोहोनी यांचं आयुष्य वाचल्यावर. २८ जून ही त्यांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने ही कहाणी आपल्या वाचकांसाठी देत आहे. यात शेतकऱ्याच्या कामाचंही बरंच आहे, कारण या बाईंनी आयुष्यभर अभ्यास केला तो डाळीचा, दुधाचा आणि नीरेचा.

घरातच रसायनशास्त्र

कमलाबाईंचं माहेरचं आडनाव भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव, दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. हीच संस्था आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून देशात नावाजलेली आहे. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या बहीण. म्हणजे घर शिकलेलं होतं, पोरींना शिकवणारं होतं.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय, भौतिकशास्त्र जोडीला. विद्यापीठात त्यांचा नंबर पहिला आला. आता वडील अन् चुलते जिथं शिकले तिथंच पुढचं संशोधन करायचं, असं त्यांनी ठरवलं आणि बंगळूरला अर्ज धाडला. अर्ज नामंजूर झाला.

कारण मार्कांचं नव्हतं. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले, जगात नाव असलेले शास्त्रज्ञ. पण संशोधन हे बायकांना झेपणारं काम नाही, असं त्यांचं मत होतं. वडील आणि चुलते त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी, त्यांनी शब्द टाकून पाहिला. उपयोग झाला नाही.

सत्याग्रह आणि अटी

तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या. मी पहिल्या नंबराने पास झाले आहे, मला नाकारण्याचं कारण काय, हा त्यांचा सवाल होता. उत्तर मिळेना तेव्हा त्यांनी सत्याग्रहाचाच मार्ग धरला. वीस-बावीस वर्षांची मुलगी आणि समोर नोबेल मिळालेला माणूस. शेवटी रामन यांना प्रवेश द्यावा लागला, पण तो तीन अटींवर.

पहिली अट, वर्षभर त्यांना नेहमीची विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. काम पाहून संचालकांची खात्री पटली तरच तो प्रवेश पक्का. दुसरी, मार्गदर्शक सांगतील तसं रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. तिसरी अट अशी की त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये. म्हणजे तिथल्या पुरुषांचं लक्ष कामावरून उडालं तर दोष हिचा.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. रामन शास्त्रज्ञ म्हणून मोठे होते, तरी बायकांच्या बाबतीत त्यांचं मन लहान होतं, हे त्यांनी म्हातारपणीही भर कार्यक्रमात बोलून दाखवलं होतं.

मार्गदर्शक मिळाले ते श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. गरिबाच्या ताटात मांस-अंडी रोज नसतात. त्याच्या अंगाला लागणारं प्रथिन येतं ते डाळीतून. तेव्हा आपल्या डाळीत नेमकं काय आहे हे शोधणं गरजेचं होतं.

वर्ष संपलं. रामन यांनी काम पाहिलं आणि त्यांची खात्री पटली. कमलाबाईंचा प्रवेश पक्का झाला, आणि त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींसाठीही त्या संस्थेचं दार उघडलं. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या.

केंब्रिज आणि बटाटा

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथं सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ साली नोबेल मिळालेले हेच ते हॉपकिन्स. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्यासोबत आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासोबत काम केलं.

अभ्यासाला घेतलेल्या वनस्पतींत आपला साधा बटाटाही होता. त्यातून त्यांनी दाखवून दिलं की वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम सी नावाचा घटक असतो. सोप्या भाषेत सांगायचं तर पीकसुद्धा श्वास घेतं. अन्नातली शक्ती पेशीला वापरता यावी म्हणून आत जी साखळी चालते, त्या साखळीतली ही एक कडी. कमलाबाईंनी ती वनस्पतीत दाखवली.

या कामाचा प्रबंध त्यांनी अवघ्या चाळीस पानांत लिहिला. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. केंब्रिजमधून विज्ञानात पीएच.डी. झालेल्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. गंमत अशी की बायकांच्या बाबतीत केंब्रिजही तेव्हा पुरतं मोकळं नव्हतं. पुरुषांच्या बरोबरीने विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व तिथल्या बायकांना मिळालं ते १९४८ साली. म्हणजे अडवणूक फक्त आपल्याकडंच होती असं नाही.

परदेशात राहून संशोधन करता आलं असतं, पण त्याच वर्षी त्या मायदेशी परत आल्या.

डाळ, नीरा आणि दूध

आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. मग तामिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहाय्यक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केलं. १९४७ साली त्यांचं लग्न झालं. पती मा. वि. सोहोनी हे विम्याचं गणित मांडणारे तज्ज्ञ. लग्न झालं तेव्हा कमलाबाईंची पस्तिशी झाली होती. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. संसार आणि प्रयोगशाळा दोन्ही चालू राहिलं.

मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा डाळी-कडधान्यं हाती घेतली. वालावरचं त्यांचं काम आपल्याला थेट उपयोगी आहे. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचक रस असतो, तो प्रथिनाचे तुकडे करतो. कच्च्या वालात असा घटक असतो की तो या ट्रिप्सिनलाच अडवतो. मग खाल्लेलं प्रथिन नीट पचत नाही. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेने हा घटक वालातून शुद्ध स्वरूपात वेगळा काढला, आणि १९५५ साली ते संशोधन नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं.

आपल्या घरात कडधान्य भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खायची रीत आहे. आपल्या आया-आज्यांना ट्रिप्सिन ठाऊक नव्हतं, पण रीत बरोबर होती. उष्णतेने हा अडवणारा घटक बराचसा निकामी होतो. आपण वावरात जे सोयाबीन घेतो त्यातही याच प्रकारचा घटक असतो. म्हणून सोयाबीन कच्चं खायचं नसतं, उकडून किंवा भाजूनच वापरायचं असतं.

दुसरं मोठं काम नीरेचं. तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हा विषय घेतला. ताड-शिंदीची ताजी नीरा उन्हं वर यायच्या आत उतरवावी लागते, ठेवली की आंबून तिची ताडी होते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह असतं, तिच्या गुळातही ते टिकतं, हे त्यांनी तपासून दाखवलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिली तेव्हा त्यांची तब्येत सुधारल्याचं दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाची प्रत सुधारण्यासाठी सल्ला दिला.

पुन्हा चार वर्षांची वाट

एवढं काम असूनही आडकाठी संपली नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता, पण आतल्या राजकारणामुळे ते पद मिळायला चार वर्षं जास्तीची गेली. तरुणपणी एक वर्षाची परीक्षा आणि डोक्याचे केस पिकल्यावर चार वर्षांची वाट. शेवटी त्या संचालक झाल्याच.

निवृत्तीनंतरही त्या बसून राहिल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी एकत्र येऊन ग्राहकांसाठी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ही संस्था सुरू केली होती. कमलाबाई तिच्या कामात होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. भेसळ, वजनमाप, ग्राहकाची फसवणूक यावर त्यांनी संस्थेच्या मासिकात लेख लिहिले. मुलांसाठी मराठीतून विज्ञानाची पुस्तकंही लिहिली.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जूनला त्यांचं निधन झालं. सत्कार झाला तोही आयुष्याच्या पार टोकाला.

आपल्यासाठी यात काय?

काहीजण म्हणतील, त्या शिकलेल्या घरातल्या, त्यांचं जमलं. खरं आहे. घरात दोन रसायनतज्ज्ञ होते, ते पाठीशी उभे राहिले. पण नीट पाहिलं तर अशा घरातल्या, विद्यापीठात पहिल्या आलेल्या पोरीलाही अटीवर आत घेतलं गेलं. मग आपल्या फाट्यावरच्या पोरीचं काय होत असेल? तिला तर अट घरातूनच सुरू होते. एक विषय राहिला की शिक्षण बंद. तोच विषय पोराचा राहिला तर आपण क्लास लावतो.

एका वर्षाच्या परीक्षेत कमलाबाई पास झाल्या म्हणून आपल्याला त्यांचं नाव ठाऊक आहे. त्या वर्षी त्या आजारी पडल्या असत्या, एखादा प्रयोग फसला असता, तर वालाचं अन् नीरेचं हे काम कुणी केलं असतं सांगता येत नाही. आणि प्रयोग तर फसतच असतात. आपली पेरणी फसते तेव्हा आपण दुबार करतो, वावर विकून टाकत नाही.

आज वाटा आहेत, आणि जवळ आहेत. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी, अन्न तंत्रज्ञान आणि सामुदायिक विज्ञान शिकता येतं. डाळ, दूध, पोषण हे कमलाबाईंचेच विषय तिथं आहेत. राज्य शासनाने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घ्यावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐन वेळी सेतूवर रांग असते. कोणत्या कोर्सला माफी लागू आहे ते कॉलेजात विचारूनच फॉर्म भरा.

गाडीचा अन् उशिराचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. प्रॅक्टिकल सुटायच्या वेळेला गाडी मिळावी म्हणून गावकऱ्यांनी मिळून अर्ज द्यायला पाहिजे. दोन-चार बापांनी पाळीपाळीने फाट्यावर थांबायला पाहिजे. त्यावर पोरीचं शिक्षण बंद करणं हा काही इलाज नाही.

माझी लेक आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी तिचा एक विषय राहिला होता, आणि तो निकाल तिने मला आठ दिवस सांगितला नव्हता. का सांगितला नव्हता, ते मला ही कहाणी वाचताना कळलं. हा मजकूर टाकायच्या आधी तिला फोन करून सांगितलं की ती अट आता नाही. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली की प्रॅक्टिकल चालू आहे, नंतर करते.