मधमाशीचे पाठीराखे : वैकुंठभाई मेहता

सहकारावर व्याख्याने पुष्कळ होतात. पण सहकार जगून दाखवावा तो मधमाशीनेच. या इवल्या जीवाला सहकारी चळवळीतलाच एक थोर पाठीराखा लाभला, हा मोठा योगायोग म्हणावा लागेल.

वैकुंठभाई मेहता यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1891 रोजी भावनगर येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर त्यांनी सहकारी बँकेची वाट धरली व सुमारे 35 वर्षे प्रांतिक सहकारी बँकेची धुरा वाहिली. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवावे, हाच त्यांचा ध्यास. 1946 मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले.

त्याच वर्षी मुंबई ग्रामोद्योग समितीने महाबळेश्वरी मधमाशापालन सुरू केले. तोवर मध काढणे म्हणजे माश्यांना धुराने पिटाळून सबंध पोळे पिळणे. त्यात पिल्ले मरत, वसाहत उजाड होई. पेटीतील सुट्या चौकटींमुळे पिल्लांना धक्का न लावता मध काढता येऊ लागला.

1957 मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला. वैकुंठभाई त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांच्याच कारकिर्दीत, 1962 साली, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था उभी राहिली. भूमिहीनालाही साधणाऱ्या या धंद्यामागे आता शास्त्र उभे राहिले. 27 ऑक्टोबर 1964 रोजी वैकुंठभाई निवर्तले.

पुढे कसोटीचा काळ आला. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने कर्नाटकात व दक्षिणेत सातेरी माश्यांच्या बहुतेक वसाहती बुडाल्या. अळी पिशवीसारखी फुगून मरे, औषध नव्हते. कोडगूतील पेट्या ओस पडल्या. मात्र काही वसाहती रोगातूनही तगल्या. त्यांच्यापासूनच मधपाळांनी हळूहळू पेट्या पुन्हा भरल्या. पेटी माणसाने केली, बीज मात्र निसर्गाने राखले.

बीदर-कलबुर्गीच्या काळ्या रानात सूर्यफूल, करडई व तूर पिकते. सूर्यफुलाचे दाणे भरतात ते मुख्यतः माश्यांच्या येण्याजाण्याने. ऐन फुलोऱ्यात, भर दिवसा विषारी फवारा मारला, तर आपण आपलेच पीक मारतो. फवारणी टळत नसेल, तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी. मराठीत मध म्हणा, कन्नडात जेनुतुप्पा म्हणा, माशीला सीमा ठाऊक नाही. शेताच्या बांधावरचे एक पोळे राखणे, हेच वैकुंठभाईंचे खरे स्मरण ठरेल.