गिऱ्हाइकाच्या दारी गेलेला मास्तर

उद्योजकता शिकविणारे प्रशिक्षक घडविण्याचे वर्ग आता जागोजाग भरतात. कर्जाचे नमुने आणि प्रकल्प-अहवालांचे तक्ते या प्रशिक्षकांना पाठ असतात. पण ज्याने आयुष्यात काही विकले नाही, त्याने विक्री कशी शिकवावी? लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र याच दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.

गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंगांधळेपणामुळे ती सुटली. यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तेथे बंधू रामूअण्णांसह चाललेल्या दुकानात सायकली विकल्या जात आणि त्या चालवावयासही शिकविल्या जात.

खरी परीक्षा पाहिली ती लोखंडी नांगराने. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले ४० नांगर खपावयास २ वर्षे लागली! रेखाटनाच्या वर्गात अशा नकाराची तालीम कोठून मिळणार? प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमात निदान महिनाभर दारोदार माल विकण्याची सक्ती असावयास हवी.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलनजीकचा निवडुंगाचा माळ व १०,००० रुपयांचे कर्ज दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. माणसे निवडताना लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रांना फारसे महत्त्व दिले नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर तर त्यांनी एके काळच्या गुन्हेगारांनाच नेमले.