भारतीय संगणकशास्त्राचे आद्य शिल्पकार डॉ. आर. नरसिंहन

1956 हे वर्ष आपल्या समाजाच्या स्मृतीत एका महान घटनेने कोरले गेले आहे. त्या वर्षीच्या 14 ऑक्टोबरला नागपुरात काय घडले, हे आपल्या विद्यालयातील लहानातला लहान विद्यार्थीही सांगू शकतो. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत आणखी एक कार्य सिद्धीस गेले. त्याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मूठभर तरुणांनी स्वतः आराखडा करून, स्वतः जोडणी करून संगणकाचा एक प्रायोगिक नमुना चालता केला. त्या तरुणांचे अग्रणी होते डॉ. रंगस्वामी नरसिंहन.

नरसिंहन यांचा जन्म 17 एप्रिल 1926 रोजी मद्रास येथे झाला. गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून दूरसंचार विषयातील पदवी घेतल्यावर ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळविली आणि त्यानंतर इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएच.डी. संपादन केली. अभियंत्याने गणिताकडे वळावे, हे आजही थोडे वेगळेच वाटते. त्यांच्या पुढील आयुष्यात असे वळण पुन्हा येणार होते.

1954 साली ते मायदेशी परतले आणि डॉ. होमी भाभा यांच्या संस्थेत रुजू झाले. अणुविज्ञानाच्या संशोधनासाठी प्रचंड आकडेमोड आवश्यक होती आणि ती हातयंत्रांवर उरकण्याजोगी राहिली नव्हती. संगणक विकत घेण्याचा मार्ग खुला होता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने 1955 साली इंग्लंडहून एक यंत्र आणून बसविलेही होते. मुंबईच्या संस्थेने यंत्र स्वतः बांधण्याचे ठरविले. संस्थेत डी. वाय. फडके यांच्या नेतृत्वाखाली इलेक्ट्रॉनिक उपकरणे घडविण्याचा विभाग होता, त्यामुळे हातात कसब होते. परंतु संगणकाच्या कामाला जुंपलेल्या चमूत नरसिंहन वगळता कोणी संगणक वापरलेलादेखील नव्हता. बहुतेक जण भौतिकशास्त्राचे पदवीधर होते. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जॉन व्हॉन नॉयमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या रचनेविषयीचे आपले अहवाल कुलूपबंद न ठेवता जगापुढे मांडले होते. ज्ञान खुले ठेवले की ते कोठवर पोहोचते, याचे हे एक ठळक उदाहरण. त्याच धर्तीवर मुंबईचे यंत्र आकारास आले.

प्रायोगिक नमुना चालला, तेव्हा पूर्ण आकाराचे यंत्र हाती घेण्यात आले आणि 1960 च्या प्रारंभी ते कामाला लागले. त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत तापून लालसर उजळत त्या जातीचे. शिवाय सुमारे 1,700 डायोड आणि 12,500 रेझिस्टर. स्मृतीसाठी फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवलेल्या होत्या. एका कडीत एकच खूण मावे, शून्य किंवा एक. अशा 40 खुणांचा एक शब्द आणि असे 2,048 शब्द, म्हणजे एकूण 81,920 खुणा. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राला याच्या शेकडो पट जागा लागते. तरीही या यंत्रावर देशातील अनेक संस्थांच्या व विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी आपली गणिते सोडविली. 1962 साली पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याचे नामकरण केले: टिफ्रॅक.

यंत्र पूर्ण झाले तोवर जगात व्हॉल्व्हचा काळ सरत आला होता आणि ट्रान्झिस्टरचे संगणक बाजारात आले होते. 1964 साली याच संस्थेत अमेरिकेतून सीडीसी 3600 हा कितीतरी वेगवान संगणक आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. मग इतकी वर्षे खर्ची घालून काय मिळविले, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो अयोग्य नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते मिळाली ती माणसे. ज्यांनी यंत्राचा प्रत्येक सांधा स्वतः जोडला होता, त्यांना पुढे आलेले परदेशी यंत्र उघडून पाहण्याची धास्ती वाटली नाही. आयबीएम कंपनी 1978 मध्ये भारतातून निघून गेली, त्या वेळी तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतली. त्या कंपनीचे पहिले अध्यक्ष नरसिंहन होते. रेल्वेच्या खिडकीवर संगणकीकृत आरक्षण मिळू लागले, तेही याच कंपनीच्या कामातून. 1965 साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचेही ते पहिले अध्यक्ष झाले. 1977 साली त्यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले.

मात्र पदांची ही यादी त्यांची खरी ओळख नव्हे. 1961 ते 1964 या काळात ते इलिनॉय विद्यापीठात होते. अणूच्या अंतरंगातील कण आपल्या मार्गावर बुडबुड्यांच्या रेषा उमटवीत जातात. अशा रेषांची हजारो छायाचित्रे यंत्राकडून वाचून घ्यावयाची होती. नरसिंहन यांनी येथे व्याकरणाचा विचार आणला. अक्षरांचे शब्द आणि शब्दांचे वाक्य होते, त्याप्रमाणे बिंदूंच्या रेषा आणि रेषांच्या जोडांतून चित्र होते. तेव्हा चित्राचेही व्याकरण लिहिता आले पाहिजे, अशी ही कल्पना. चित्र ओळखणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात या कामास आरंभीच्या प्रयत्नांत मानाचे स्थान आहे.

चित्रांच्या व्याकरणापासून ते माणसाच्या भाषेकडे वळले, आणि मग जन्मभर तिथेच रमले. यंत्राला बोलते करावयाचे तर मूल बोलू कसे लागते हे आधी समजले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. तमिळ बोलणाऱ्या घरातील एका मुलीचे आईवडिलांशी होणारे बोलणे, ती नऊ महिन्यांची असल्यापासून तेहतीस महिन्यांची होईपर्यंत, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने ध्वनिफितींवर टिपून अभ्यासिले. देशाचा पहिला संगणक घडविणारा मनुष्य तान्ह्या मुलीचे बोबडे बोल कान देऊन ऐकतो आहे, हे चित्र आपल्या शिक्षकांनी एकदा मनासमोर आणावे. आपल्या वसतिगृहात येणारे मूल घरून ‘मले’, ‘तुले’ असे वऱ्हाडी बोलत येते आणि पहिल्याच आठवड्यात आपण ते खोडून काढतो.

उत्तरायुष्यात त्यांनी साक्षरतेवर लिहिले. पाश्चात्त्य विद्वानांचा एक वर्ग असे मानतो की, लिपी आल्यावरच माणूस चिकित्सक विचार करू लागला. नरसिंहन यांना हे मान्य नव्हते. लिहिता-वाचता येणे वेगळे आणि विचाराची जाणती शिस्त वेगळी. भारतात मुखपरंपरेनेच अत्यंत काटेकोर शास्त्रे उभी राहिली, असे त्यांनी दाखविले. आपल्याला हे पटावयास जड जाऊ नये. तथागतांची वचने भिक्खुसंघाने कित्येक पिढ्या मुखोद्गत ठेवली आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ती श्रीलंकेत लिपिबद्ध झाली. एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. वैदिक मुखपरंपरेची दारे ज्यांच्यासाठी बंद होती, त्यांच्यासाठी पाटी आणि पुस्तक हाच एकमेव प्रवेश होता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, हे आपण विसरू शकत नाही. साक्षरतेचे मोल ठरविताना आमच्या बाजूने ही भर घालणे भाग आहे.

साक्षरतेवरील त्यांचा ग्रंथ 2004 साली प्रसिद्ध झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील त्यांचे पुस्तकही त्याच वर्षीचे. त्या वेळी ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. 3 सप्टेंबर 2007 रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.