एका पापडावर किती दिवस?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाची चांगलीच फजिती झाली. उडदाचे पापड गच्चीवर वाळत घातले आणि अवकाळी पाऊस आला. सगळा माल बुरशीला गेला. बँकेचा हप्ता थोडाच थांबतो? दोन महिने प्रत्येकीने घरखर्चातून पैसे काढून भरले. आता दुसरं काहीतरी करायचं, असं बैठकीत ठरलं. कुणी साड्या विकायच्या म्हणाली, कुणी ब्युटी पार्लर. तेव्हा मी त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना काही रंग ओळखूच येईनात. रंग सुटले, रेषेवरचा हात मात्र कामी आला. ते यंत्रांची चित्रं काढायला शिकले आणि पुढे तेच शिकवू लागले. बेळगावात १८८८ मध्ये भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. नंतर चारा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिले थोडे नांगर खपायला दोन वर्षं लागली.

पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली, कर्ज दिलं. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तिथे नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप, लोखंडी फर्निचर असं एकेक होत गेलं. आपण आवडीने वाचलेलं ‘स्त्री’ मासिकही १९३० मध्ये तिथूनच निघालं, त्यांचे पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली. १९४६ मध्ये पुण्यात इंजिनं आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचे कारखाने सुरू झाले. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले, तेव्हा एका नांगराचा केवढा पसारा झाला होता!

पण एक गोष्ट माझ्या मनात भरली. बहुतेक नवा माल जुन्याच कामातून निघालेला. तेच लोखंड, तेच कारागीर आणि बरंचसं गिऱ्हाईकही तेच, शेतकरी. नांगराची मागणी घटली, तर चरक किंवा पंप हात देणार.

हे ऐकून आमच्या बायका विचारात पडल्या. साड्यांतलं आम्हाला काय कळतं? डाळ दळायची चक्की मात्र गटाची आहे, दुकानदार ओळखीचे आहेत. मग भाजणी आणि मेतकूट का नको? त्यांना गच्चीवर वाळवण घालायला लागत नाही. पापड बंद केले नाहीत, नवा माल आधी पाच-पाच किलोच केला. तो खपला, तेव्हा पुढचा केला. यंदा पावसाळ्यातला हप्ता भाजणीनेच भरला. घरखर्चाच्या डब्याला कुणाला हात लावावा लागला नाही.