यूझेन बूर्दाँ

यूझेन बूर्दाँ (जन्म: पॅरिस, ८ एप्रिल १८०८, मृत्यू: पॅरिस, २९ सप्टेंबर १८८४) हे फ्रेंच यंत्रकार व उपकरणनिर्माते होते. वक्र धातुनलिकेच्या साहाय्याने वाफेचा, द्रवाचा किंवा वायूचा दाब दाखविणाऱ्या दाबमापकाचे ते जनक मानले जातात. या उपकरणाचे एकस्व (पेटंट) त्यांनी १८४९ मध्ये घेतले. भारतातील तंत्रशाळांत व कारखान्यांत ते 'बोर्डन गेज' या इंग्रजी वळणाच्या नावाने ओळखले जाते. बाष्पित्रापासून (बॉयलर) प्राणवायूच्या नळकांड्यापर्यंत आणि जुन्या मोटारगाडीच्या डॅशबोर्डपर्यंत त्याचा वापर आढळतो. ल क्रझो येथील वाफेच्या हातोड्याशी संबंधित असलेले अभियंते फ्रांस्वा बूर्दाँ (१७९७–१८६५) हे वेगळे गृहस्थ होत. दोघेही वाफेच्या यंत्रांशी निगडित असल्याने त्यांची गल्लत वारंवार होते.

पूर्वायुष्य

बूर्दाँ यांचा जन्म पॅरिसमधील एका व्यापारी कुटुंबात झाला. मुलाने व्यापारच पुढे चालवावा, या हेतूने त्यांना जर्मन भाषा शिकण्यासाठी दोन वर्षे न्यूरेंबर्ग येथे पाठविण्यात आले. परतल्यावर ते वडिलांच्या व्यवसायात रुजू झाले. १८३० मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर मात्र त्यांनी व्यापार सोडला, काही काळ प्रकाशकीय उपकरणे बनविणाऱ्या कार्यशाळेत काम केले आणि १८३२ मध्ये स्वतःची कार्यशाळा काढली. १८३५ पासून ही कार्यशाळा पॅरिसच्या फोबूर द्यू ताँप्ल या कारागिरांच्या वस्तीत होती.

आरंभी त्यांचे नाव झाले ते वाफेच्या एंजिनांच्या लहान प्रतिकृतींमुळे. काचेचे सिलिंडर असलेली एक प्रतिकृती त्यांनी १८३२ मध्येच राष्ट्रीय उद्योगास उत्तेजन देणाऱ्या पॅरिसच्या संस्थेपुढे मांडली होती. सिलिंडर काचेचा असल्याने आतील दट्ट्याची हालचाल विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसत असे. अशी दोनशेहून अधिक लहान एंजिने त्यांनी तयार केली. यंत्राच्या आत काय चालले आहे ते बाहेरून दिसावे, ही त्यांची ओढ येथेच दिसते. दाबमापक हे तिचेच पुढचे फळ म्हणता येईल.

तत्कालीन अडचण

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाष्पित्रांचे स्फोट ही नित्याची आपत्ती होती. सुरक्षा झडप असे, परंतु ती अडकली किंवा जास्त वाफेच्या लोभाने कोणी तिच्यावर वजन वाढविले, तर आतील दाब किती चढला आहे हे कळण्यास विश्वासार्ह साधन नव्हते. पाऱ्याचा उघडा दाबमापक अचूक होता, पण एका वातावरणाच्या दाबाला पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंच स्तंभ लागतो. म्हणजे सहा वातावरणांचा दाब मोजण्यास साडेचार मीटरहून उंच नळी हवी. कारखान्याच्या भिंतीवर ती कशीबशी मावेल. धावत्या रेल्वे एंजिनावर किंवा हेलकावणाऱ्या जहाजावर ती बसविणे अव्यवहार्य होते. काचेच्या बंद नळ्या आटोपशीर असल्या तरी फुटत आणि लवकरच गढूळ होत.

नलिकेचा शोध

एका वाफेच्या एंजिनासाठी नागमोडी वेटोळ्याची नळी तयार करताना ती चुकून चपटी झाली. बूर्दाँ यांनी नळीचे एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने पंपाने पाणी भरले. दाबाने चपटा भाग पुन्हा गोलाकार होऊ लागला, पण त्याबरोबर नळीचे वेटोळेही उलगडू लागले. एखाद्या कारागिराने नळी दुरुस्त झाल्याचे समाधान मानून काम पुढे नेले असते. बूर्दाँ यांनी मात्र उलगडण्याचे प्रमाण आणि पाण्याचा दाब यांचा संबंध तपासला.

या घटनेमागील कारण साधे आहे. वाकविलेल्या चपट्या नळीची बाहेरील भिंत आतील भिंतीपेक्षा लांब असते आणि धातू फारसा ताणला जात नसल्याने दोन्ही लांबींतील फरक जवळजवळ कायम राहतो. हा फरक म्हणजे दोन भिंतींमधील अंतर आणि वक्राचा कोन यांचा गुणाकार होय. दाबामुळे नळी फुगली की भिंतींमधील अंतर वाढते. गुणाकार तोच राहायचा असल्यास कोन कमी झाला पाहिजे. म्हणून नळी सरळ होऊ पाहते आणि दाब उतरताच धातूच्या स्थितिस्थापकतेमुळे पूर्ववत वळते. पूर्ण गोल छेदाच्या नळीत हा परिणाम मिळत नाही. चपटेपणा हाच या उपकरणाचा प्राण आहे.

प्रचलित दाबमापकात इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराची पितळी किंवा काशाची नलिका असते. तिचे उघडे टोक दाबाच्या जागेला जोडलेले आणि बंद टोक मोकळे असते. बंद टोक जेमतेम काही मिलिमीटर हलते. एक जोडदांडी, दातेरी चाप आणि लहान दातेरी चाक यांच्या योगे ही हालचाल वाढून तबकडीवरील काटा फिरतो.

प्रसार आणि वाद

१८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात बूर्दाँ यांच्या उपकरणांना सर्वोच्च श्रेणीचे पदक मिळाले आणि फ्रान्सने त्यांना लेजियाँ दॉनर हा सन्मान दिला. अमेरिकेत एडवर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी १८५२ मध्ये या शोधाचे हक्क घेऊन निर्मिती सुरू केली.

यशाबरोबर खटलाही आला. ल्यूस्याँ विडी यांनी १८४४ मध्ये द्रवविरहित वायुदाबमापकाचे एकस्व घेतले होते. त्यात हवा काढून घेतलेली लवचिक धातूची डबी वापरली जाई. बूर्दाँ यांनी निर्वात वक्र नळीचा वायुदाबमापक विकण्यास सुरुवात केल्यावर विडी यांनी आपल्या हक्काचे उल्लंघन झाल्याचा दावा केला. तो अनेक वर्षे चालला आणि अखेरीस विडी यांना भरपाई मिळाली. नळीचा आकार व तिचे उलगडणे ही कल्पना बूर्दाँ यांची होती यात शंका नाही. पण धातूच्या लवचिक पोकळ भांड्याने हवेचा दाब मोजण्याची वाट विडी यांनी आधी दाखविली होती. बूर्दाँ यांची खरी कामगिरी म्हणूनच वायुदाबमापकापेक्षा उच्च दाबाच्या मापनात शोधावी लागते.

अखेरची वर्षे

१८७२ मध्ये त्यांनी कारखाना मुलगा एदुआर याच्या हाती सोपविला आणि प्रयोगांना वाहून घेतले. व्हेंचुरी नळ्यांच्या साहाय्याने वाऱ्याचा वेग मोजण्याच्या उपकरणावर ते काम करीत होते. अशा एका उपकरणाची चाचणी घेताना पडून झालेल्या अपघातात, ७६ वर्षांचे असताना त्यांचा मृत्यू झाला.

मोटारगाडीतील उपयोग

बूर्दाँ यांच्या मृत्यूच्या वेळी मोटारगाडीचे युग उजाडायचे होते. पुढे एंजिनातील तेलाचा दाब चालकाला दाखविण्यासाठी त्यांचीच नलिका डॅशबोर्डवर आली. एंजिनाच्या तेलमार्गातून निघालेली बारीक नळी थेट तबकडीमागील नलिकेपर्यंत जाते. त्यासाठी वीज लागत नाही. पाण्याच्या तापमानाच्या जुन्या मापकांतही हेच तत्त्व आहे. एंजिनात बसविलेल्या लहान फुग्यातील ईथरसारखा द्रव तापला की त्याची वाफ केशनलिकेतून बूर्दाँ नलिकेवर दाब देते. एमजीबी या ब्रिटिश गाडीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत तेलाचा दाब व पाण्याचे तापमान दाखविणारे दोन काटे एकाच तबकडीत असत.

बहुतेक गाड्यांत नंतर मापकाऐवजी इशाऱ्याचा दिवा आला. तो दाब अगदी कमी झाल्यावरच लागतो, तोवर बेअरिंगची हानी सुरू झालेली असू शकते. काटा मात्र तेल तापून पातळ होताना दाब हळूहळू उतरतो तेही दाखवितो. झिजलेल्या बेअरिंगचे एंजिन त्यावरून महिनोन्‌महिने आधी ओळखता येते. म्हणूनच जुन्या गाड्यांचे हौशी मालक दिव्याच्या जोडीला असा मापक नव्याने बसवितात. दाबाच्या स्विचच्या जागी 'टी' आकाराचा सांधा लावल्यास दिवा आणि मापक दोन्ही चालतात.

या कामात घाई अंगाशी येते. पाव इंचाहून लहान, म्हणजे एक अष्टमांश इंच मापाच्या सांध्यांत ब्रिटिश पद्धतीचे इंचाला २८ आणि अमेरिकी पद्धतीचे २७ आटे असतात. एकमेकांत ते सुरुवातीला बसल्यासारखे वाटतात, पण जोर केल्यास एंजिनाच्या ठोकळ्यातील आटे खराब होतात. एंजिन हादरत असते आणि गाडीचा सांगाडा त्यामानाने स्थिर असतो. म्हणून तांब्याच्या नळीला मध्ये एक-दोन वेढे द्यावे लागतात, अन्यथा ती कालांतराने तडकते. पत्र्याच्या भिंतीतून जाताना तिच्याभोवती रबरी कडी हवी आणि धूर बाहेर नेणाऱ्या तप्त नळापासून तिला दूर ठेवावे लागते. नळी फुटली तर दाबाखालील गरम तेल चालकाच्या पायांवर येते किंवा तप्त नळावर सांडून आग लागण्याचा धोका असतो. तापमानमापकाची केशनलिका तर कापून लहान करता येत नाही. आतील द्रव गेला की मापक निकामी होतो, म्हणून उरलेली लांबी गुंडाळून ठेवतात.