रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

आपल्या धंतोलीहून सीताबर्डीची टेकडी जवळच आहे. तिचा काळा दगड आम्ही रोज पाहतों. पण तो अभ्यासावयास ज्यांनीं शिकविलें त्यांत रे. स्टीफन हिस्लॉप अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १८१७ सालीं स्कॉटलंडांत झाला. १८४५ सालीं ते नागपुरास आले व पुढील वर्षीं त्यांनीं येथें शाळा उघडली. अध्यापनांतून वेळ काढून ते या प्रांतांतील खडक व अश्मीभूत अवशेष गोळा करीत. एका हिरव्या खनिजास त्यांच्या सन्मानार्थ हिस्लोपाइट हें नांव मिळालें.

विद्यार्थ्यांनो, तापून व निवून दगड तडकतो. तुकडे झाले तरी तो दगडच राहतो. हा भौतिक बदल. परंतु पाणी आणि हवेंतील प्राणवायु व कर्बवायु यांच्या योगानें त्यांतील खनिजांची चिकण माती होते, लोखंडाच्या अंशास गंज चढतो. येथें नवे पदार्थ उत्पन्न होतात. म्हणून हा रासायनिक बदल. आपली कापसाची काळी जमीन या दोन्ही बदलांनीं घडली आहे. तेव्हां पदार्थ तोच राहिला कीं नवा झाला, हें आधीं पाहावें.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून परततांना, पूर आलेला ओढा ओलांडीत असतां, हिस्लॉपसाहेब बुडून मरण पावले. १८८३ सालीं स्थापन झालेलें हिस्लॉप कॉलेज त्यांचें नांव चालवीत आहे.

पालकहो, शेतावर जाल तेव्हां मुलांच्या हातीं एक घट्ट व एक झिजलेला दगड द्या. कोणता नखानें चुरतो, तें त्यांनाच पाहूं द्या.